मुराळीच्या अंगचा वास

"आरं, काय मेलंय का काय हितं?"

सुबरावानं पटक्याचं टोक नाकाला लावलं आणि चुलीपुढून उठून तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन उभा राहिला. ऊन कलायला लागलं होतं. मेंढरं बाभळीखाली एकमेकांच्या सावलीत डोकी खुपसून उभी होती. आबा चातीवर लोकर कातत बसले होते, त्यांचाही हात थांबला. आणि ओढ्याच्या बाजूनं, शेपूट झेंड्यासारखं वर करून, मुराळी आला.

आला म्हणजे काय, नवरदेव मांडवात यावा तसा आला. मानेपासून फऱ्यापर्यंत डावं अंग काळंनिळं, चिकट, त्यात लोकरीचे पुंजके अडकलेले आणि मागं माश्यांची वरात. घाणीत लोळून आलेल्या कुत्र्यानं मान खाली घालावी असं आपल्याला वाटतं. कुत्र्याला तसं वाटत नाही. मुराळी एकेकापुढं जाऊन उभा राहत होता. सुबरावापुढं गेला, त्यानं लाथ उगारली. आबांपुढं गेला, त्यांनी चाती बाजूला ठेवली. मग तो माझ्यापुढं आला आणि ते बरबटलेलं डावं अंग त्यानं माझ्या धोतराला टेकवलं.

मी धोतर सोडवून मागं सरलो, पण ते वासामुळं नव्हे. हा वास कुठनं आला ते त्या तळावर मला एकट्यालाच ठाऊक होतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

आमचा तळ त्या साली भीमेच्या काठाला काळ्या रानात पडला होता. आम्ही मेंढकं. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, रानाला खत व्हायचं, आमचं पोट चालायचं, आणि चार-सहा दिवसांनी घोड्यावर बिऱ्हाड टाकून आम्ही पुढच्या रानाला. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, तायाप्पा. कळप त्यांचा. सुबराव त्यांचा मुलगा, माझ्या बरोबरीचा. माझा बाप मला कळायच्या आतच गेलेला, त्यामुळं मी आबांच्याच भाकरीवर वाढलो. त्या वर्षी मात्र आबांनी शब्द दिला होता. "धुळ्या, कोतवाल तुझ्या हवाली करतो. बिरोबाच्या जत्रंपातूर त्याला नीट सांभाळलास, तर तुझी मेंढरं येगळी काढून देतो. मांड तुझी तू चूल."

कोतवाल म्हणजे आबांचा एडका. असा एडका मी पुन्हा पाहिला नाही. आता मी एरवी म्हणेन की त्याची शिंगं बैलगाडीच्या चाकाएवढी होती आणि त्याला बघून एकदा एस्टी मागं सरकली होती. पण आज तसलं काही सांगायचं नाही असं ठरवलंय. काळा होता, कपाळावर पांढरा टिळा होता, आणि चालायला लागला की सगळा कळप त्याच्यामागं चालायचा. एवढं पुरे.

आणि मुराळी माझ्या बायकोचा, केराचा. लेकीला माहेराहून सासरी पोचवायला जो येतो त्याला आमच्यात मुराळी म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला केरा माहेरी गेली, तिला परत घालायला तिचा भाऊ आला आणि भावाच्या मागं हे पिवळं कुत्रं दोन दिवसांची वाट चालत आलं. भाऊ पाहुणचार घेऊन गेला. कुत्रं काही गेलं नाही. सुबराव म्हणाला, "वहिनी, खरा मुराळी ह्योच. तुमचा भाऊ नुसता सोबतीला आल्ता." तेव्हापासून मुराळी.

आता तीन दिवस मागं जायला हवं.

त्या दिवशी मुराळीच्या पायात काटा मोडला होता म्हणून तो तळावरच राहिला, आणि मी एकटाच निम्मा कळप घेऊन गेलो. वस्तीच्या वाटेवर पिठाची गिरणी होती. गिरणीपुढं लिंबाखाली दळण घेऊन बसलेली पाच-सात माणसं. मला बघून गिरणीवाला म्हणाला, "आला का धुळा? ये, बस. ते लांडग्याचं सांग की रं!"

बस म्हटल्यावर न बसणारा माणूस मी नव्हे. मी चोवीस वर्षांचा होतो आणि अख्ख्या नदीकाठाला माझ्या गोष्टी ठाऊक होत्या. मी बसलो. लांडगा माझ्या अंगावर झेप घेतो तिथपर्यंत आलो. गिरणीचा पट्टा थांबला तरी माणसं उठेनात. तिथून लांडग्याला मी बोलण्यात गुंतवलं, त्याला त्याच्या बायकोची विचारपूस केली, त्यानं तंबाखू मागितली, वगैरे वगैरे. लोक मांड्यांवर थापा मारत होते. त्या हसण्याची नशा वाईट. उठून बघितलं तर मेंढरं लांब गेलेली, आणि कोतवाल कापलेल्या ज्वारीच्या रानात.

ज्वारी कापून नेली तरी खोडव्याला कोवळे कोंब फुटतात. पाण्याचा ताण पडला की ते कोंब विषारी होतात. त्याला किरळ म्हणतात. हे मेंढक्याच्या लेकराला चालायला येण्याआधी शिकवतात. मी पळत गेलो तर कोतवाल आडवा पडलेला, तोंडाला फेस, पाय झाडत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं पाय झाडायचा थांबला. बाकीची मेंढरं नशिबानं बांधावरच होती.

आमच्या तळावर एक रिवाज होता. मेंढरू मेलं की त्याचा कान कापून आणायचा. डाव्या कानाला दोन काप, ही आबांच्या कळपाची खूण. तो कान आबांपुढं ठेवायचा. आबा एवढंच विचारायचे, "कशानं मेलं?" खरं कारण सांगितलं की ते म्हणायचे, "जा, भाकरी खा." संपलं. मग त्यावर कुणी कधी बोलायचं नाही, बायकांनीसुद्धा टोमणा मारायचा नाही. सुबरावाच्या हातून एकदा एकदम चार मेंढरं नदीत गेली, तेव्हासुद्धा आबा 'भाकरी खा'च म्हणाले होते.

म्हणजे मला फक्त चाकू काढायचा होता.

मी काढला नाही. माझ्या डोळ्यांपुढं माझी वेगळी मेंढरं होती, केराची वेगळी चूल होती. 'गोष्ट सांगत बसलो होतो' हे कोणत्या तोंडानं सांगू? ओढ्याच्या काठाला माती धसलेली एक खबदाड होती. तिथं मी कोतवालाला ओढत नेलं, वर माती लोटली, बाभळीच्या काट्या टाकल्या. मग घोंगडं काढलं आणि दातांनी टराटरा फाडलं. स्वतःच्याच दातांनी! मेंढकी घोंगडी फाडणं सोपं नाही, जबडा दोन दिवस दुखत होता.

तळावर येऊन मी जो लांडगा उभा केला, तो गिरणीवरच्या लांडग्यापेक्षा सरस होता. वासरापेक्षा मोठा, एक कान तुटका, घोंगड्याला धरून मला चार हात ओढलं, तोवर दुसऱ्यानं कोतवालाला उचललं. आबांनी फाटकं घोंगडं हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "तू वाचलास ना, झालं." त्या बोलण्यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

केरानं मला पाणी दिलं. चेहरा जवळ आणून बघत राहिली. म्हणाली, "दातात लोकर अडकलीया तुमच्या."

"झटापटीत गेली असंल," मी म्हणालो.

"व्हय," म्हणाली. "जातीया कधी कधी."

तर अशा त्या गोष्टीनंतर तिसऱ्या दिवशी मुराळीचा पाय बरा झाला, आणि तो ओढ्याकडून आला तो हा असा.

त्याच्या मागून जरा वेळानं केरा आली. जळण आणायला गेली होती. डोक्यावर भारा होता तो अर्धाच. तिनं भारा टाकला आणि पदर तोंडाला न लावता नुसती उभी राहिली, एक हात कमरेच्या पानसुपारीच्या चंचीवर.

आबा उठले. मुराळीच्या मानेवरचा लोकरीचा पुंजका त्यांनी चिमटीत धरला, नाकाशी नेला.

"मेलेलं मेंढरू हाय हे," ते म्हणाले. "काळी लोकर."



"धुळ्या, लांडग्यानं नेलं म्हणतोस. मग लांडगा खाईल, का कुजत ठेवील?"

"खाऊन उरलं असंल, आबा."

"दोन लांडगं, आन् उरलं?"

सुबराव नाक धरूनच म्हणाला, "हितं वास घेत बसण्यापरीस कुत्र्याच्या मागनं जाऊ की. दावील त्यो जागा. घटकाभराचं काम."

मग केरा बोलली. आबांपुढं ती सहसा बोलायची नाही. बोलली तीही आबांकडं बघून नव्हे, माझ्याकडं बघून.

"त्याला बोलता येत न्हाई. म्हणून गावलेलं अंगावर घेऊन येतो घरला. सांगायला आलाय त्यो. जाऊ या का?"

मी तिच्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. ओढा तिथून हाकेच्या अंतरावर. काट्या बाजूला केल्या की अख्खा कोतवाल, कुणाचा दात न लागलेला, दोन्ही कान जागच्या जागी. चूल गेली, मेंढरं गेली, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे, लांडग्याच्या गोष्टी सांगणाऱ्या धुळ्याचं हसं अख्ख्या नदीकाठाला.

माणूस अशा वेळी देवाचं नाव घेतो. मला गोष्ट सुचली.

"थांबा," मी म्हणालो. "कुणी जाऊ नका. ही साधी घाण न्हवं."

सगळे माझ्याकडं वळले. गोष्ट सांगणाऱ्याला ती घटका कळते. मी आवाज खाली आणला.

"पल्याडच्या डोंगरात एक म्हातारा मेंढका भेटला होता मला. त्यानं सांगितलं, कुत्रं घाणीत का लोळतं ठावं हाय का? अंगाला खाज सुटती म्हणून न्हवं. लांडगा शिकार करतो, पोटभर खातो आन् थोडं मुद्दाम ठेवतो. कुत्र्यासाठी. त्यात लोळलं की कुत्र्याच्या अंगाला लांडग्याचा वास लागतो. ती सोयरीक असती त्यांची. हळद लावल्यागत. त्या वासाचं कुत्रं मग लांडगा कळपात शिरला तरी भुंकत न्हाई. वास सांगतो, ह्यो आपला पाव्हणा."

"काय बी!" सुबराव म्हणाला.

पण आबा काही म्हणाले नाहीत. आणि ते काही म्हणणार नाहीत हे मला ठाऊक होतं. आबा लहान असताना त्यांच्या बापाचा कळप एका पहाटे लांडग्यांनी फाडला होता. एकोणीस मेंढरं. तळावर तीन कुत्री होती आणि एकही भुंकलं नव्हतं. का भुंकली नाहीत, हे कोडं आबांनी साठ वर्षं उराशी धरलं होतं. मी त्याचं उत्तर आयतं हातात दिलं. त्यांची दुखरी जागा मला ठाऊक होती आणि मी तिच्यावर नेमकं बोट ठेवलं.

"भुंकली न्हवती," आबा स्वतःशीच म्हणाले.

"मग? आन् परवा कोतवाल नेला तवा ह्यो कुठं होता? तळावर. पायात काटा म्हणून. आज बघा की, लंगडतोय का?"

मुराळी लंगडत नव्हता. काटा केरानं सुईनं काढला होता, तेल-हळद भरली होती, पाय बरा झाला होता. पण त्या क्षणी चार पायांवर नीट उभं राहणं हाच त्याचा गुन्हा ठरला. तो जीभ बाहेर काढून आमच्याकडं बघत होता. त्याला वाटत असणार, आता निघतील. एवढं सांगितलं, आता माझ्यामागं निघतील.

"अवं," केरा म्हणाली. "तुम्ही डोळ्यांनी बघितलाय न्हवं लांडगा?"

"बघितलाय की!"

"तुटक्या कानाचा?"

"तुटक्या कानाचा."

तिचा चंचीवरचा हात थोडा हलला. मग तिथंच राहिला.

आबांनी निवाडा दिला. कुत्रं म्हणजे खंडोबाचं जनावर, मारायचं नाही. पण कळपात ठेवायचं नाही. नदीपल्याड सोडून यायचं, आजच. "धुळ्या, तूच जा. तुला कळलंय म्हणल्यावर तूच सोड." आणि ओढ्याकडं कुणी जाऊ नये, लांडग्याचं ठाणं आहे तिथं, हेही सांगितलं. म्हणजे माझं काम पुरतं झालं.

केरानं मुराळीला नदीवर नेलं आणि गुडघाभर पाण्यात उभं करून राखेनं आणि वाळूनं घासायला लागली. मी काठावर उभा.

"आता कशाला घासतीस? सोडूनच द्यायचाय."

"माहेरचा हाय," ती म्हणाली. "असा बरबटलेला लावू का वाटंला?"

मानेवरचा एकेक पुंजका तिनं बोटांनी सोडवला आणि पाण्यात सोडला. काळी लोकर वाहत गेली. मुराळी डोळे मिटून उभा होता. अंघोळ त्याला कधी आवडली नाही, पण तिच्या हातची तो सोसायचा.

मध्येच ती वर न बघता म्हणाली, "आबा तळावरच हायती अजून. कुणाला काय सांगायचं असलं तर येळ हाय."

"कुणाला काय सांगायचंय?"

"काय न्हाई," म्हणाली. "म्हणलं, असलं तर."

तिनं पदराला बांधलेली अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. मुराळीच्या दोन्ही कानांमागं खाजवलं. मग उठली आणि मागं न बघता तळाकडं गेली.

नदी ओलांडायला तिथं गुळाची जुनी काहील होती. उसाचा रस आटवायची ती मोठी लोखंडी कढई. तिच्यात बसून माणसं पल्याड जायची, एक नामा नावाचा माणूस बांबूनं ती रेटायचा. मुराळी माझ्यासमोर काहिलीत बसला, अंग चकचकीत, कुठल्या तरी लग्नाला निघाल्यासारखा. नामा म्हणाला, "कुत्र्याला जत्रंला नेताय का काय?" मी हसलो. म्हणजे दात दाखवले.

पल्याडच्या काठाला उतरून मी भाकरी टाकली. त्यानं हुंगली, खाल्ली नाही. वाळूत इकडं तिकडं नाक लावत फिरला आणि लव्हाळ्याजवळ एकदम थांबला. तिथं एक मोठा मरळ मासा मरून पडला होता, बऱ्याच दिवसांचा. मुराळीनं आधी खांदा टेकवला, मग मान, मग अख्खा आडवा होऊन चारी पाय वर. केरानं घासून घासून काढलेलं अंग त्यानं एका दमात पुन्हा भरून घेतलं. आणि उठला तो धावत माझ्याकडं आला, अंग माझ्या पायाला टेकवलं आणि वर बघितलं.

ते बघणं मला तेव्हा कळलं. गोष्ट रचण्याआधीच कळायला हवं होतं, पण तेव्हा कळलं. हे बघ, काय सापडलंय. चल घरी सांगू.

त्याला थाप मारता येत नव्हती. जे सापडलं ते जसंच्या तसं अंगावर घेऊन तो घरी यायचा. आणि मी?

मी काहिलीत चढलो. नामानं बांबू रेटला. मुराळी जरा वेळ काठावर उभा राहिला, मग त्यानं पाण्यात उडी टाकली. नुसतं डोकं वर, सरळ आमच्या रोखानं. नामा म्हणाला, "घ्या की वर, हाय जागा." मी काहिलीच्या तळाशी हात घातला. तिथं वाळलेल्या मातीचं एक ढेकूळ होतं. मी ते फेकून मारलं. नेम माझा कधीच चांगला नव्हता, दहांतले नऊ चुकायचे. हे लागलं. डोळ्याच्या वर.

तो ओरडला नाही. वळला आणि परत गेला.

नामानं तोंड फिरवून बांबू रेटला. अलीकडं उतरल्यावर भाडंही मागितलं नाही.

तळावर आलो तेव्हा केरा भाकरी थापत होती. मी शेजारी बसलो. तिनं माझ्या हातांचा, धोतराचा वास घेतला.

"मासळीत लोळला व्हय?"

"व्हय."

"तुम्हाला दावायला आला असंल."

तिनं भाकरी ताटात टाकली. "खावा," म्हणाली. आबा म्हणायचे तसं नव्हे.

पुढं काय, तर पुढं माझं सगळं चांगलंच झालं. महिन्याभरात खरोखरचा लांडगा आला. राखायला चांगलं कुत्रं नव्हतं, दोन कोकरं नेली. लोक म्हणाले, धुळ्या खरं बोलला, त्या कुत्र्यानं आधीच वाट दाखवून ठेवली होती. आबांनी जत्रेनंतर मला मेंढरं वेगळी करून दिली. केराची चूल वेगळी झाली. आबा जाईपर्यंत प्रत्येक तळावर सांगत राहिले, कुत्रं घाणीत का लोळतं ते माझ्या पुतण्याला विचारा. आणि मी सांगत राहिलो. पोरं झाली, नातवंडं झाली, मेंढरं विकून गावात घर बांधलं, मुलानं वेल्डिंगचं दुकान टाकलं. पारावर, लग्नात, मयतीतसुद्धा लोक म्हणायचे, धुळाआण्णा, लांडग्याचं सांगा. मुराळीचंही मी सात तऱ्हांनी सांगितलंय. एका गोष्टीत तो पल्याडच्या पाटलाच्या गाडीखाली ऐटीत चालतो, एका गोष्टीत लांडगीण बायको करून घेतो. खरं मला ठाऊक नाही. आम्ही त्या काठाला पुन्हा तळ टाकला नाही.

एवढंच, की मी गोष्टीला सुरुवात केली की केरा उठायची. तांदूळ निवडायचे राहिलेत, वाळवण आत घ्यायचंय, काही ना काही. चाळीस वर्षांत माझी एक गोष्ट तिनं बसून ऐकली नाही. मी लोकांना सांगायचो, "हिला समद्या पाठ झाल्यात." लोक हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात नात सुट्टीला आली, वैशू. तिनं पुण्याहून एक कुत्रं आणलंय, पांढरं, केसाळ, त्याला साबण वेगळा, कंगवा वेगळा. ते सकाळी मोकळं सुटलं आणि उकिरड्यावर मेलेल्या घुशीत मनसोक्त लोळून ओसरीवर येऊन उभं राहिलं. शेपूट वर. घरात एकच आरडाओरडा. सून नाक धरून, पोरं हसून बेजार, वैशू रडकुंडीला.

"आजोबा, असं का करतात हो हे? एवढा महागाचा शाम्पू!"

सगळे माझ्याभोवती गोळा झाले. मी पाय ओढून बसलो, तंबाखू चोळली, आवाज खाली आणला.

"पल्याडच्या डोंगरात एक म्हातारा मेंढका भेटला होता मला..."

केरा उठली. मी पुढं बोलत राहिलो. ती आत गेली, पण कुठलं काम काढलं नाही. आतून पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. ती बाहेर आली ती तिची जुनी चंची घेऊन. बंद गळालेले, कापड विरलेलं. तिनं ती माझ्यासमोर उघडली आणि आतलं काढून माझ्या पायाशी फरशीवर ठेवलं.

वाळून चामड्यासारखं झालेलं, काळं, तळहाताएवढं. काठाला दोन काप.

"आज्जी, हे काय आहे?" वैशूनं विचारलं.

केरानं तिच्याकडं बघितलं नाही. म्हणजे अर्ध्याच भाऱ्याच्या दिवशी ती कुत्र्यामागं गेली होती. काट्या तिनं बाजूला केल्या होत्या. विळ्यानं कान कापला होता, आमच्या रिवाजाप्रमाणं. आणि तो कमरेला घेऊन ती आबांपुढं उभी राहिली होती, एक हात त्याच्यावर ठेवून, मी सांगेन म्हणून. नुसता काढून खाली टाकला असता तर तिचा मुराळी राहिला असता. मी राहिलो नसतो. तिनं हात काढला नाही.

"कशानं मेलं?" केरानं विचारलं.

आबा विचारायचे तसंच. तेवढाच आवाज.

माझ्या तोंडाशी नेहमी गोष्ट तयार असते. त्या दिवशी नव्हती.

"किरळ लागून," मी म्हणालो. "मी गिरणीवर गोष्ट सांगत बसलो हुतो. लांडगा न्हवता. घोंगडं मीच माझ्या दातांनी फाडलं."

पोरं फस्सकन हसली. धाकटा म्हणाला, "आजोबा, दातांनी घोंगडं फाडलं? काहीही!" सूनसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. जन्मभर थापा मारल्या त्या सगळ्यांनी खऱ्या मानल्या, आणि हे एक खरं बोललो तर घर खो खो हसत होतं.

केरा हसली नाही. तिनं कान उचलला, पुन्हा चंचीत ठेवला. भाकरी खा म्हणेल, असं मला वाटलं. मी वाट बघत होतो.

"हे कोतवालाचं झालं," ती म्हणाली. "आता मुराळीचं सांगा."

आणि गुडघ्यावर हात टेकवून, हळूहळू, ती माझ्यासमोर खाली बसली.